किल्ली त्यांच्याकडे, मेन स्विच तुमच्याकडे

पत्र

ताई, नमस्कार.

मी परळचा. आमच्या चाळीच्या सांस्कृतिक मंडळाचा गेली अकरा वर्षं कार्यवाह आहे. तळमजल्यावर मंडळाचा हॉल आहे. नव्वद खुर्च्या, आणि एका टोकाला सिमेंटचा ओटा, त्यालाच आम्ही स्टेज म्हणतो. गणपतीत मुलांचे नाच, पाडव्याला सत्कार, एरवी कॅरम. वडील गिरणीत होते. मी स्वतः तरुणपणी कामगार रंगभूमीवर चार-पाच नाटकांत कामं केलेली आहेत, त्यामुळे नाटक म्हटलं की जीव वरखाली होतो.

यंदा गणपती गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात चाळीतली अकरा मुलं घरी आली. नववी ते अकरावीतली. म्हणाली, "आप्पा, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन एकांकिका करणार. लिहिणार आम्ही, बसवणार आम्ही, निर्मितीपण आमची. हॉल द्या आणि पंधरा हजार द्या. मोठं कुणी नको." मी आनंदानं हो म्हणून बसलो.

आता ऐका. एक दिग्दर्शिका, अकरावीतली, तिनं मंडळाच्या खजिनदारांच्या पुतण्याला नाटकातून काढलं. कसं, तर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून रिमूव्ह करून. खजिनदार माझ्याशी बोलत नाहीत. दुसरी एकांकिका चाळीच्या पुनर्विकासावर आहे. त्यातला सोसायटीचा अध्यक्ष दर दोन वाक्यांनी "बघून घेऊ" म्हणतो. आमचे खरे अध्यक्षही तेच म्हणतात. त्यांना कुणीतरी सांगितलं. तिसरी एका जुन्या दिवाळी अंकातल्या कथेवरून केली आहे. शिवाय एका दहावीतल्या मुलाची आई रोज जिन्यात अडवते.

आणि माझं दुःख वेगळंच. परवा तालमीला डोकावलो. मुलगा प्रेक्षकांकडे चक्क पाठ करून बोलत होता. मी एवढंच म्हणालो, "बाळा, पाठ नको दाखवूस." सगळी गप्प झाली. तालीम थांबली. दिग्दर्शिका म्हणाली, "आप्पा, झालं की बोलावतो तुम्हाला." म्हणजे मला हाकललंच.

मी यात किती हात घालू? काहीच घातला नाही तर नाटक पडेल, आणि घातला तर मुलं जातील.

– एक वाचक, परळ

उत्तर

आप्पा, नमस्कार.

मुलं म्हणतात म्हणून मीही आप्पाच म्हणते. वयानं मी तुमच्याहून फार लहान नाही, पण "कार्यवाह महोदय" लिहिलं असतं तर हे उत्तर तुमच्या सूचनाफलकावर लागलं असतं.

तुम्हाला हाकललं नाही. तुम्हाला विंगेत पाठवलं. ज्यांनी कामगार रंगभूमीवर कामं केली त्यांना या दोन्हींतला फरक मी काय सांगायचा?

आधी त्या पाठीचंच बोलू, कारण तुमच्या सगळ्या पत्राची किल्ली मला तिथं दिसते. तुमच्या काळी पाठ दाखवायची नाही हा नियम होता, आणि तो उगाच नव्हता. मोठा हॉल, मोजके माईक, शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द पोचवायचा तर तोंड समोरच हवं. तुमचा हॉल नव्वद खुर्च्यांचा. तिथं पाठमोरा मुलगाही ऐकू येतो, आणि पाठमोरं राहून बोलणं हेच कदाचित त्या प्रसंगाचं म्हणणं असेल. किंवा नसेलही. तो नुसता विसरून उभा राहिला असेल. तुम्ही बरोबर असाल, हे मी धरून चालते. तरी चूक तुमचीच, कारण ती सूचना तुम्ही नटाला दिलीत. दिग्दर्शिका तिथं उभी असताना, तिच्या डोक्यावरून. आता तो मुलगा पुढच्या तालमीला पाठ वळवताना दाराकडे बघणार, आप्पा आलेत का म्हणून. एका वाक्यात त्या नाटकाला दोन दिग्दर्शक झाले.

सतरा वर्षांच्या मुलीनं हे ओळखलं, तालीम थांबवली, आणि तुमच्या वयाचा मान राखून तुम्हाला बाहेर काढलं. "झालं की बोलावतो" म्हणाली. मोठमोठ्या दिग्दर्शकांना निर्मात्यासमोर एवढं जमत नाही. मला तर ती मुलगी आवडली.

आता माझं एक सांगते. मी पंधरा-सोळाची असेन. शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही सात मैत्रिणींनी एक एकांकिका लिहिली. विषय साधा होता: नळाला पाणी येतं ती वीस मिनिटं, आणि त्या वीस मिनिटांत एका मजल्यावरच्या सात घरांत काय काय होतं. शेवट असा की पाणी जातं आणि एका बाईची बादली अर्धीच भरलेली असते. ती बादलीकडे बघत राहते. पडदा. आमच्या एका बाईंनी तालीम बघितली. फार प्रेमळ बाई. म्हणाल्या, छान आहे, पण शेवटी काहीतरी संदेश हवा. त्यांनी स्वतः चार ओळी लिहून दिल्या. अर्धी बादली घेतलेली ती बाई पुढे आली आणि प्रेक्षकांना म्हणाली की थेंब थेंब वाचवा, पाणी हेच जीवन. टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस मिळालं. ती ढाल आईच्या कपाटावर बरीच वर्षं होती, आणि दर दसऱ्याला ती पुसताना मला लाज वाटायची. मी लिहिणं सोडलं आणि पुढे प्रकाशयोजनेकडे गेले. तिथं निदान कुणी दिव्याला संदेश द्यायला सांगत नाही.

बाईंनी आमचं नाटक सुधारलं होतं, हे मी आजही मान्य करते. प्रेक्षकांना ते जास्त कळलं. पण ते आमचं राहिलं नाही. तुम्ही विचारता हात किती घालू. मला वाटतं, प्रश्न किती हात हा नाही, कशाला हात हा आहे.

मराठीत मुलांचं नाटक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बालनाट्य येतं. 1959 साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटर काढलं आणि मुलांना खरीखुरी, नीट नेपथ्याची, नीट कपड्यांची नाटकं दिली. आपल्या पिढीवर त्यांचे उपकार आहेत. पण ते मोठ्यांनी मुलांसाठी केलेलं नाटक. तुमच्या हॉलमध्ये चाललंय ती दुसरी जात आहे. त्याच्या जवळ जाणारं काम रत्नाकर मतकरींनी अगदी उतारवयात, ठाण्यात केलं. साठच्या दशकापासून मुलांसाठी नाटकं लिहिणारा, बसवणारा हा माणूस. त्यानं समता विचार प्रसारक संस्थेबरोबर "वंचितांचा रंगमंच" उभा केला आणि वस्त्यांमधल्या मुलामुलींना सांगितलं की तुमच्या आयुष्यातलं तुम्हीच नाटकात आणा. मतकरींसारखा हातखंडा लेखक एका बैठकीत त्यांना दहा नाटिका लिहून देऊ शकला असता. लिहून न देणं हाच त्यातला मुद्दा होता. जाणती रंगकर्मी मंडळी मदतीला होती. गोष्ट मात्र मुलांची.

आणि हॉल लहान आहे म्हणून लाजू नका. 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये "आविष्कार" या नाट्यसंस्थेनं जी प्रायोगिक नाटकं केली ती नाट्यगृहात झालेली नाहीत, शाळेत झाली. तुमच्याकडे निदान ओटा तरी आहे.

तर हात कशाला घालायचा.

विजेला. याच्यात मात्र मुलांचं काही ऐकू नका. त्यांना प्रकाश हवा असणार आणि कुणाच्या तरी ओळखीच्या मंडपवाल्याकडून ते दोन हॅलोजन आणणार. हजार वॉटचा एक दिवा चार अँपिअरच्या वर खेचतो. आपल्या भिंतीवरचं साधं सॉकेट सहा अँपिअरचं. एकाच एक्स्टेन्शनवर दोन दिवे लावले की वायर गरम व्हायला लागते, आणि ती वायर नेमकी पडद्याखालून गेलेली असते. मी हे डोळ्यांनी बघितलंय: पडद्याच्या काठाला तपकिरी डाग पडला होता आणि जळका वास येत होता. पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, धूप छान लावलाय. तेव्हा चाळीतला जो कुणी वायरमन असेल त्याला बोलवा. सोळा अँपिअरचे पॉइंट वेगवेगळ्या लाइनवर आहेत का ते बघायला सांगा. एलईडी पार, म्हणजे स्टेजसाठीचे एलईडी दिवे, मिळाले तर उत्तमच, ते वीजही कमी खातात आणि फार तापतही नाहीत. पण कुठला दिवा कधी लावायचा, निळा की पिवळा, अंधार किती सेकंद, हे वायरमननं सांगायचं नाही. तुम्हीही नाही.

दाराला. दोन्ही दारं उघडी, मधे खुर्च्या नाहीत. मुलं खुर्च्या वाढवणार, हे लिहून ठेवा. नव्वद म्हणजे नव्वद.

वेळेला. तालीम साडेआठला संपते, हॉलला कुलूप पावणेनऊला. पण हॉलची किल्ली त्यांच्याकडे द्या. निर्मिती सांभाळणाऱ्या मुलाकडे, म्हणजे निर्मात्याकडे. तो ती हरवेल असं तुम्हाला वाटतंय, आणि कदाचित हरवेलही. दुसरी किल्ली करून तुमच्या खुंटीला टांगा आणि त्याबद्दल कुणाला सांगू नका. ज्याच्या खिशात हॉलची किल्ली असते तो मुलगा तालमीला उशिरा येत नाही, कारण बाकीचे दहा जण दाराबाहेर उभे असतात.

पैशाकडे येऊ. पंधरा हजार देऊ नका.

मला कंजूष म्हणा. मंडळाकडे असतील, तुम्ही द्यालही, पण पंधरा हजार हातात आले की मुलं पहिलं काय करतील ते सांगते: भाड्यानं सोफा आणतील. मग पाठीमागचा छापील पडदा, मग कॉलर माईक. आणि नाटक त्या सोफ्यावर बसून राहील. पाच हजार द्या, परत न मागण्याच्या बोलीवर. बाकीचं त्यांनी उभं करायचं. निर्मात्याला बसवून हिशेब करायला लावा, तुम्ही करून देऊ नका. नव्वद खुर्च्या, पन्नास रुपये तिकीट, हॉल भरला तर एका प्रयोगाचे साडेचार हजार. दोन प्रयोग केले तर नऊ. पण दोन्ही भरतील का? चाळीतले सगळे पहिल्याच प्रयोगाला येणार. दुसऱ्याला कोण? शाळेतले मित्र? मग त्यांना परवडणारं तिकीट किती? या प्रश्नांशी झटापट करताना त्या मुलाला निर्मिती म्हणजे काय ते कळेल. आत्ता त्याच्या मते निर्माता म्हणजे पोस्टरवर सगळ्यात वर नाव येतं तो.

एक वही घालून द्या त्याला. लांबट, लाल पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तसली. डावीकडे आले, उजवीकडे गेले. रोज रात्री कुलूप लावायच्या आधी लिहायचं. मी आजवर जेवढ्या हौशी नाटकांचे हिशेब बघितले त्यात सगळ्यात मोठा आकडा नेपथ्याचा नसतो, वडापावचा असतो. अकरा मुलं, पंचवीस तालमी, रोज प्रत्येकी एक वडापाव आणि कटिंग, करा गुणाकार. पहिल्या आठवड्याच्या शेवटी निर्माता जेव्हा वही उघडून म्हणेल की उद्यापासून आपापला डबा आणा, त्या रात्री तो निर्माता झाला असं समजा.

तोटा आला तर? येऊ दे. चारशे-पाचशे रुपयांचा येईल. तो कसा भरायचा हे अकरा जणांनी ठरवायचं. गाड्या धुवा, रद्दी विका. खिशातून गुपचूप भरू नका, आप्पा. तुम्ही भराल, मला माहीत आहे.

आता एक फुकटची गोष्ट, जी मी प्रत्येक नव्या ग्रुपला सांगते आणि कुणीच ऐकत नाही. हॉलमध्ये कॅरम असेल त्या संध्याकाळी मुलं तालीम गच्चीवर करत असणार. गच्चीवर चपला मांडतात, दोन चपला म्हणजे सोफा, बादली म्हणजे टीव्ही, वाळत घातलेली चादर म्हणजे दार. बघायला फार गोड असतं ते. मग स्टेजवर येतात आणि कळतं की गच्चीवरचा सोफा-दार-टीव्ही मिळून वीस फूट होता आणि ओटा चौदा फूट आहे. तीन आठवडे बसवलेलं सगळं एका तासात कोलमडतं, मुलं एकमेकांच्या पायात येतात, एक जण ओट्यावरून खाली. मोजपट्टी त्यांच्या हातात द्या. ओटा मोजा म्हणावं, आणि तेवढाच चौकोन गच्चीवर खडूनं आखा. पाऊस आला तर पुन्हा आखा. एवढंच सांगा आणि खाली या.

खजिनदारांच्या पुतण्याचं प्रकरण नाजूक आहे, पण तुम्हाला वाटतं त्या कारणानं नाही. दिग्दर्शिकेला नट बदलायचा अधिकार आहे की नाही? आहे. मुलगा तालमीला येत नसेल, पाठांतर नसेल, किंवा अगदी भूमिकेला शोभत नसेल, तरी आहे. तो अधिकार काढून घेतलात, पुतण्याला परत घ्यायला लावलंत, तर उद्या तीनही नाटकांत भूमिका कार्यकारिणी वाटेल. आपल्या अर्ध्या हौशी संस्था अशाच बुडाल्या, नायिका कोण यावरून. त्यामुळे खजिनदारांना चहाला बोलवा आणि स्पष्ट सांगा की हा निर्णय मंडळाचा नाही आणि मंडळ तो फिरवणार नाही. रुसतील. दिवाळीपर्यंत रुसू दे, फराळाला येतील.

पण काढण्याची रीत चुकली, आणि ते तिला सांगायला हवं. हे एकच ठिकाण जिथं मी तुम्हाला बोला म्हणते. ग्रुपमधून रिमूव्ह करणं म्हणजे रात्री साडेदहाला, अंथरुणात, तोंड न दाखवता. त्या मुलाला सकाळी शाळेत इतरांकडून कळलं असणार. तिला एकटीला गाठा, इतरांसमोर नाही. "काढलंस ते तुझं काम. पण तोंडावर सांगणं हेही तुझंच काम." एवढं बोलून थांबा. कारण विचारू नका, बाजू घेऊ नका. ती जाईल की नाही ते तिच्यावर. माझा अंदाज, जाईल. जिन्यात गाठेल, दोघंही चपलांकडे बघत बोलतील, दीड मिनिटात संपेल. कदाचित त्याला म्युझिक ऑपरेट करायला बोलावेल, कदाचित नाही. बोलावलं तर ते तिनं सुचवलेलं असू दे, तुमची तडजोड नको. म्युझिकवर बसलेल्या मुलाच्या हातात अख्खं नाटक असतं, पण हे पंधराव्या वर्षी कुणाला पटत नाही. त्याला पहिल्या चुकीच्या क्यूनंतर, म्हणजे म्युझिक भलत्याच वेळी वाजल्यावर, पटेल.

आता अध्यक्ष.

इथं मी थोडी हसले, माफ करा. "बघून घेऊ" हा शब्द त्यांचा एकट्याचा कुठे आहे हो? मुंबईतल्या कुठल्याही चाळीच्या कुठल्याही अध्यक्षाला घ्या. परळ-लालबागच्या मुलांनी ट्रान्झिट कॅम्प, कॉर्पस, संमतीपत्र हे शब्द बाराखडीच्या आधी ऐकलेत. घरात जेवताना रोज तेच चालतं. त्यांनी पुनर्विकासावर नाही लिहायचं तर कशावर, काश्मीरवर? त्यांना जे माहीत आहे तेच त्यांनी लिहिलंय, आणि ही त्या नाटकाची मोठी कमाई आहे.

तरी संहिता एकदा वाचा. तुम्ही जबाबदार आहात, तेव्हा वाचणं तुमचा हक्क आहे. पण लाल पेन घरी ठेवून. वाचताना एकच बघा: यात एखाद्या खऱ्या माणसावर पैसे खाल्ल्याचा, किंवा त्याच्या घरातल्या खासगी गोष्टीचा आरोप आहे का? खोली नंबर, खरं नाव, बायकोचं आजारपण, असलं काही? असेल तर ते निघालं पाहिजे, आणि का निघालं पाहिजे हे मुलांना समजावून सांगा. त्यात वाद नाही. पण नुसतं "बघून घेऊ" असेल, चष्मा कपाळावर सरकवणं असेल, बैठकीला उशिरा येणं असेल, तर ते राहू दे. ती थट्टा पदाची आहे.

नाटक लिहिणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हवं तर एक प्रश्न विचारा, उत्तर मागू नका: तुझ्या नाटकातल्या अध्यक्षाला रात्री झोप लागते का? बस. नवीन लिहिणारे खलनायक लिहितात तेव्हा त्याला घर द्यायला विसरतात. प्रश्न डोक्यात राहिला तर दोन दिवसांत एखादा प्रसंग वाढेल: अध्यक्ष एकटाच बसलाय, समोर सह्यांचा कागद, त्यालाही बिल्डर काय करेल ते कळत नाहीये, आणि म्हणून तो "बघून घेऊ" म्हणतो. असं झालं तर तुमचे अध्यक्षच सगळ्यात आधी टाळी देतील. नाही झालं, तर मुलांचं नाटक एकांगी राहील. सोळाव्या वर्षी एकांगी लिहायचं नाही तर कधी? आणि अध्यक्षांना रीतसर आमंत्रण पाठवा, निर्मात्याच्या हस्ते, पहिल्या रांगेचं. ज्याला बोलावलंय त्याला प्रयोग बंद पाडणं जड जातं.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि एकांकिका स्पर्धांत उतरणाऱ्या कॉलेजच्या मुलांनाही ही धावपळ चुकत नाही. तिकीट लावणार असाल तर संहिता आत्ताच पाठवा, शेवटच्या आठवड्यात नाही. दिवाळी अंकातल्या कथेचं मात्र मनावर घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्या लिखाणावर हक्क असतो, त्यामुळे "जुना अंक आहे" याला काही अर्थ नाही. प्रेक्षकांकडून पैसे न घेता हौशी मंडळींनी केलेल्या प्रयोगाला कायद्यात काही सूट आहे, पण कथेचं नाटक करणं ही वेगळी गोष्ट, तिथं सूट गृहीत धरू नका. लेखक किंवा त्यांच्या घरचे शोधायचे, पत्र लिहायचं, फोन करायचा. आणि हे काम मुलांनीच करायचं. मराठी लेखकाला सोळा वर्षांच्या पोरीचा फोन आला की "तुमची कथा आम्हाला करायची आहे", तर तो नाही म्हणेल हे कठीणच. बहुतेक प्रयोगालाच येईल. परवानगी मात्र लेखी घ्या, आणि पोस्टरवर मूळ कथाकाराचं नाव दिग्दर्शिकेच्या नावाएवढ्याच अक्षरात.

दहावीच्या मुलाच्या आईशी वाद घालू नका. तिचं चुकत नाही. फेब्रुवारीत बोर्ड आहे आणि जिन्यात तुमच्याशिवाय तिला भेटतंय कोण? तिला तालमींचं वेळापत्रक लेखी द्या, आठवड्यातून चारच दिवस, साडेसहा ते साडेआठ, आणि सहामाही परीक्षेचा आठवडा पूर्ण बंद. वेळापत्रक मुलांनी करायचं, सही तुमची. मुलाला छोटी भूमिका मागू दे. तिला प्रयोगाची तारीख आजच सांगा आणि त्या तारखेनंतर नाटक संपलं, हेही सांगा. मग तारीख पुढे ढकलायची नाही, काही झालं तरी. नाटक तयार नसलं तरी. खरं सांगायचं तर कुठलंच नाटक तयार नसतं, तारीख येते म्हणून ते होतं.

ते पडेल ही तुमची मुख्य भीती. तीनातलं एक तरी पडेल, हे मी तुम्हाला आजच सांगते. बहुतेक ते पुतण्यावालं नाही पडणार. जी मुलं आत्ता भांडत नाहीयेत, सगळं छान चाललंय म्हणतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा, म्हणजे ठेवू नका. नव्वद माणसांसमोर एखादा संवाद विसरला जाईल, शांतता पसरेल, कुणीतरी दुसऱ्याचं वाक्य म्हणून वेळ मारून नेईल किंवा नेणार नाही. आयुष्यभर ती अकरा मुलं तो प्रसंग एकमेकांना सांगतील. पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी थोडा वाढवून. तुम्हीसुद्धा तुमच्या चार-पाच नाटकांतलं काय आठवता? बक्षीस, की मिशी निघाली तो प्रयोग?

तुम्हाला बोलायला मिळेल, आप्पा. रंगीत तालमीला त्यांनी बोलावलं तर जा. शेवटी दिग्दर्शिका विचारेल, "कसं वाटलं?" तेव्हा तीन वाक्यं. मोजून. त्यातलं पहिलं तुम्हाला काय ऐकू आलं नाही ते, दुसरं काय दिसलं नाही ते, तिसरं काय आवडलं ते. कथेबद्दल काही नाही. पाठीबद्दल तर नाहीच. आणि ही तीन वाक्यं तिच्याशी, नटांशी नव्हे. तिनं विचारलं नाही तर चपला घालून घरी या.

प्रयोगाच्या दिवशी तुमची जागा शेवटच्या रांगेत, भिंतीकडे, मेन स्विचजवळ. हातात टॉर्च. नारळ त्यांना फोडू द्या, तीन घंटा त्यांना देऊ द्या, तिसरी घंटा दहा मिनिटं उशिरा झाली तरी घड्याळ दाखवू नका. मनोगतात तुमचं नाव घेतील तेव्हा उभं राहून नमस्कार करा आणि लगेच बसा. भाषण नको. सत्कार तर अजिबात नको, शाल आणली असेल तर ती अध्यक्षांना द्या.

आणि कार्यवाह म्हणून फुकट आत शिरू नका. तिकीट काढा. पन्नास रुपये सुटे घेऊन जा, निर्मात्याकडे सुटे नसणार.

तुमची,
ताई